राग उतरवून मिळेल

खासदारांच्या कार्यालयात मला नोकरी लागली तेव्हा माझी धाकटी बहीण ललिता म्हणाली, "म्हणजे आता शिव्या खायचा पगार मिळणार तुला, आक्का."

"खायचा नाही, ऐकायचा."

"ऐकायला भाटवण्याची बाई चालेल. द्यायला मात्र आमच्या करंजोशीचीच लागते."

आम्ही दोघी सख्ख्या बहिणी, दिल्या समोरासमोरच्या गावांत. मी भाटवण्यात, ती करंजोशीत, मधे ओढा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहतात आणि हलगीच्या तालावर एकमेकींना शिव्या देतात. याला आमच्याकडे बार म्हणतात. पुरुष लांबून ऐकतात आणि आपलं नाव निघालं की चपलेकडे बघतात. नियम दोनच. पाणी ओलांडायचं नाही, आणि मिळालेली शिवी फेडल्याशिवाय घरी जायचं नाही. न फेडलेली शिवी वर्षभर घरात राहते म्हणतात. कुणाच्या लेकराबाळांवर आणि कुणाच्या दुखण्यावर बोलायचं नाही, हे कुणी सांगत नाही, पण सगळ्यांना माहीत असतं.

ललिता ही करंजोशीची तोफ. तिच्यासमोर भाटवण्यानं दरवर्षी मला उभं करायचं, कारण माझ्या नवऱ्याच्या घोरण्यापासून माझ्या फसलेल्या पुरणापर्यंत सगळं तिला माहीत होतं आणि तिचं मला.

त्या वर्षी दिल्लीत कुणाचंच सरकार नव्हतं. निवडणुकीत दोन्ही बाजूंना जवळपास सारख्या जागा मिळालेल्या. सभागृह भरायचं आणि तहकूब व्हायचं. खर्चाला मंजुरी नाही, म्हणून केंद्राच्या पैशावर चालणारं एकेक काम थंडावत गेलं. आधी रस्ते थांबले. त्याचं कुणाला विशेष वाटलं नाही, ते आधीही थांबलेलेच होते. मग शाळेतली खिचडी बंद झाली. मग डिझेल मोजून मिळायला लागलं आणि एसटीच्या गाड्या कमी झाल्या. लोकप्रतिनिधींच्या गाड्यांना तेवढी सूट होती, कारण त्यांना लोकांत फिरायचं असतं. लोकांनी मग त्या गाड्या अडवायला सुरुवात केली. कुठं शाई, कुठं अंडी. एका आमदाराला बायकांनी पाण्याच्या टाकीवर नेऊन बसवलं आणि शिडी काढून घेतली.

आणि मग 'हाक' आलं. खर्च मंजूर करायला एकत्र न येणारे सगळे खासदार हे यंत्र बसवायला मात्र एकमुखानं तयार झाले. म्हणजे कुणाला राग आला की त्यानं आपल्या खासदाराच्या नंबरवर फोन करायचा. तिकडून एक आवाज बोलायचा. आवाज यंत्राचा आहे हे कुणीच लपवलं नव्हतं.

आधी मी नळपाणी योजनेच्या तक्रारीच्या फोनवर होते. चार दिवस नळाला पाणी न आलेला माणूस जे बोलतो ते ऐकलेल्या बाईला वेगळं काही शिकवावं लागत नाही. तरी पुण्याहून मृण्मयी मॅडम शिकवायला आल्या. माझ्या मुलीच्या वयाच्या, कपाळावर गॉगल.

"माणूस बोलतो तेव्हा फक्त शब्द बोलत नाही," त्या म्हणाल्या. "श्वास कुठं तुटतो, स्वर किती थरथरतो, हे सगळं आवाजात असतं. हृदयाचा ठोकासुद्धा आवाजात बारीकसा उमटतो. आपल्या कानाला कळत नाही, यंत्राला कळतं. त्यावरून तो किती तापलाय याची रेघ तयार होते. लाल म्हणजे तापलेला, हिरवी म्हणजे निवलेला."

"आणि निववायचं कसं?"

"घाई करायची नाही. पहिल्यांदा यंत्र त्याच्याच वेगानं बोलतं. तो चिडलेला असेल तर यंत्रही थोडं चिडतं. मग केसाएवढा वेग कमी करतं. ऐकणाऱ्याचा श्वास नकळत मागोमाग जातो. आणखी थोडा कमी. श्वास सोडायला वेळ लागला की मेंदूपासून काळजापर्यंत एक मज्जातंतू जातो, तो काळजाला सांगतो, दमानं घे. ठोके उतरतात. शब्द रागाचेच राहतात, पण अंगात राग उरत नाही."

"म्हणजे अंगाई," मी म्हटलं. "रडणाऱ्या पोराला आधी जोरात हलवायचं, मग हळूहळू."

मॅडम म्हणाल्या, "तसंच काहीसं. फक्त इथं पोर मतदार आहे."

माझं काम उरलेल्यांचं. ज्यांची रेघ उतरत नाही त्यांचे फोन ऐकायचे आणि कुठं अडलं ते लिहायचं. माझ्या कानात फक्त लोकांची बाजू यायची, यंत्राचा आवाज वगळलेला. आधीच्या बाईंना तो ऐकू यायचा. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी आपला राजीनामाही गोड हसत दिला आणि घरी जायला विसरल्या. म्हणून ही व्यवस्था.

सुरुवातीला माझ्याकडे ढीग असायचा. मग कमी होत गेला. लोक फोन करायचे, "अरे, तुम्हाला लाज," म्हणून सुरू व्हायचे आणि, "बरं, असू दे, ऐकून घेतलंत," म्हणून ठेवायचे. पुढे पुढे फोनही कमी झाले. मी मॅडमना विचारलं, लोकांचं काम झालं का? त्या म्हणाल्या, "नाही. सवय झाली. आठ-दहा वेळा एकाच विषयावर शरीर निवलं की पुढं तो विषय नुसता मनात आला तरी श्वास लांब होतो. फोनची गरजच उरत नाही." हे त्यांनी अभिमानानं सांगितलं. थोडं घाबरूनही. दोन्ही एकत्र असू शकतं, मुलांच्या प्रगतीबद्दल बोलताना आयांचं असतं तसं.

ललिताचं दोन वर्षांपासून डायलिसिस सुरू होतं. आठवड्यातून तीनदा, तालुक्याच्या रुग्णालयात. आषाढाच्या मध्यावर तिथलं डायलिसिस बंद झालं. मशीन धड, खाटा धड, पण नळ्या आणि औषधं केंद्राच्या अनुदानातून यायची. साताऱ्याला जागा मिळत होती, पण जायचं कसं? एसटी नाही, जीपला डिझेल नाही. पहिले दोन आठवडे भानुदासरावांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, दुधाच्या टँकरमधून तिला पाठवलं. मग टँकरही बंद झाला.

एका दुपारी मॅडमनी आम्हा सगळ्यांना एकत्र बोलावलं. "तुम्ही नेहमी अडलेले फोन ऐकता. आज आदर्श फोन ऐका. या बाईंची रेघ बघा, किती सुंदर उतरते."

भिंतीवरच्या पडद्यावर लाल रेघ उभी राहिली. आवाज आला.

"अहो, मशीन तिथं आहे, मी इथं आहे, मधे तुमची दिल्ली मेली काय? माझ्या मरणाला पण तहकुबी देता का? मी करंजोशीची आहे, तुमच्या दारात येऊन..."

मी टेबलाची कड धरली. ही ललिता. तोफ पूर्ण भरलेली.

मधे मधे शांतता होती. तिथं यंत्र बोलत असणार. प्रत्येक शांततेनंतर ललिता थोडी खाली आलेली असायची. जिना उतरावा तशी.

"तसं नव्हे, पण... हो, तुम्ही तरी काय करणार... हो. पाय सुजतात. रात्री दम लागतो... हो ना... बरं. नाही नाही, काही नको. ऐकून घेतलंत, तेवढं पुरे. तुम्ही जेवलात का?"

रेघ हिरवी होऊन आडवी झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या बहुतेक. हातांना वेगळं काही सुचलं नसावं.

संध्याकाळी मी करंजोशीला गेले. ललिता ओसरीत बसून घेवडा निवडत होती. तोंड सुजलेलं, बोटं जाड झालेली.

"साताऱ्याला जायचं बघू," मी म्हटलं.

"राहू दे. इथलं होईल सुरू."

"कधी?"

"होईल तेव्हा."

"ललिते, फोनवर बोलतं ते यंत्र आहे."

"माहितीये की. पण छान बोलतं. आपले साहेब कुठं यंत्र आहेत, ते बोलतात का तरी?"

"तुला राग येत नाही?"

तिनं खरंच आठवून बघितलं. घेवड्याची शेंग हातात तशीच धरून. "येतो असं वाटतं," ती म्हणाली, "आणि मग येत नाही. शिंक यायची राहते ना, तसं."

भानुदासराव दारात उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "चहा टाकू?" त्यांचा आवाजही तसाच. गुळगुळीत.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना एकटीला गाठलं. "मॅडम, दिल्लीवरचा राग उतरवलात, ठीक. पण माझी बहीण जगायचंच सोडून बसलीये."

त्यांनी बराच वेळ पेनाचं टोपण लावलं आणि काढलं. "शरीराला रागांचे वेगळे कप्पे नसतात, वैजूताई. सरकारवर चिडणं, नासकं ताट बाजूला सारणं, मरायला नकार देणं, मुळाशी एकच यंत्रणा आहे. आम्हाला वाटलं होतं फक्त वरची फांदी छाटली जाईल."

"मग परत कसं वाढवायचं?"

"ते अजून कुणी करून बघितलेलं नाही," त्या म्हणाल्या. "त्याला मागणी नव्हती."

मला मात्र एक जागा माहीत होती. नागपंचमी चार दिवसांवर आली होती. ललिताला जगात कुठं राग येणार असेल, तर तो ओढ्यावर, माझा.

बार होता त्या दिवशी उघडीप होती. ओढ्याला घोट्याच्या वर पाणी. हलगीवाल्या दौलतनं हलगी तापवली आणि घुमवली. दोन्ही काठांवर बायका आल्या, नवी लुगडी, पदर कमरेला खोचलेले. आमच्याकडून सुगंधाकाकींनी सुरुवात केली. त्यांचा आवाज एरवी डोंगराला लागून परत येतो. त्यांनी हात वर केला, तोंड उघडलं, आणि म्हणाल्या, "काय गं, सटवे."

पाटावर बसा म्हणावं, तसं.

समोरून कुणीतरी म्हणालं, "तूच सटवी."

"हो का? बरं."

हलगी वाजत राहिली. बायका उभ्या. हात वर जायचे आणि पदर नीट करून खाली यायचे. एकजण वाण्याच्या यादीसारख्या शिव्या म्हणून दाखवत होती, साबण, काडेपेटी, भवानी, रांड. लांब उभे असलेले पुरुष आपलं नाव निघायची वाट बघत होते. निघेना, तसे ते कावरेबावरे झाले. दौलतनं ताल वाढवून बघितला, मग कमी करून बघितला, मग हलगी थांबवून आमच्याकडे बघत राहिला.

मी पुढं झाले. पाण्याच्या अगदी काठाशी. पलीकडं ललिता एका दगडावर बसलेली.

"ललिते!" मी ओरडले. "सुजलेल्या भोपळ्या! मरायला टेकलीस तरी दगड सोडवत नाही होय गं तुला?"

दुखण्यावर बोलले होते. दोन्ही काठांवरच्या बायकांनी माझ्याकडे बघितलं. कुणी काही म्हटलं नाही. एरवी मला ओढ्यात बुडवली असती.

"मर एकदाची!" मी म्हटलं. "तुझ्या नवऱ्याला दुसरी बघून ठेवलीये मी! धडधाकट आहे, दोन्ही मूत्रपिंडं शाबूत!"

ललितानं डोळ्यांवर हाताची सावली धरली. माझ्याकडे बघितलं.

"बरं," ती म्हणाली. तिला दम लागत होता म्हणून हळू, पण पाण्यावरून स्पष्ट ऐकू आलं. "नीट बघ हां, आक्का. त्यांना भाकरी मऊ लागते."

मी वाट बघितली की आता माझ्या तरी पोटातून काहीतरी वर येईल. रडं, संताप, काहीही. छातीवर हात ठेवून बघितला. ठोके सावकाश पडत होते. शिव्या मी दिल्या होत्या, पण माझ्याही अंगात काही नव्हतं. यंत्राचा आवाज मला वगळला होता हे खरं. पण दिवसभर निवणारी माणसं ऐकून माणूस किती तापलेला राहणार?

मग मी पाण्यात उतरले आणि पलीकडं गेले. आजवर कुणी गेलेलं नव्हतं. नियम मोडला म्हणून आरडाओरडा व्हायला हवा होता. बायकांनी सरकून मला वाट दिली.

मी ललिताचा हात हातात घेतला. मनगटाजवळ दाबलं तर खड्डा पडला आणि तसाच राहिला.

"चल."

"कुठं?"

"साहेबांच्या कार्यालयात."

"भांडायला? मला नाही जमायचं आता."

"भांडायला नाही. बसायला."

तिनं विचार केला. "बसायला येईन," ती म्हणाली.

सुगंधाकाकी आमच्या काठावरून म्हणाल्या, "आम्ही पण येतो." का ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. निवलेल्या माणसाचं एक बरं असतं, तो नाही म्हणायचेही कष्ट घेत नाही. दौलतनं ललिताला आपल्या बॅटरीच्या स्कूटरवर बसवलं. दोन्ही गावच्या बायका मागोमाग चालत तालुक्याला निघाल्या. वाटेत कुणी घोषणा दिली नाही. बघणाऱ्यांना वाटलं असेल, हळदीकुंकवाला चालल्यात.

कार्यालयाच्या दारावर कॅमेरा आहे. तो येणाऱ्याचा चेहरा आणि श्वास वाचतो. तापलेला माणूस असेल तर दार उघडत नाही आणि साहेब दौऱ्यावर आहेत असं सांगतं. आमच्यातल्या प्रत्येकीला त्यानं वाचलं. दार उघडलं. "सुस्वागतम्," म्हणालं.

खासदार आतच होते. शार्दूलदादा, चाळिशीचे, देखणे, आजोबांपासून तालुका त्यांच्याकडे. एवढ्या बायका बघून ते उठून उभे राहिले आणि खुर्चीमागे गेले. मग भिंतीवरच्या पडद्याकडे बघितलं. खोलीतल्या सगळ्यांच्या रेघा हिरव्या, आडव्या. त्यांच्या एकट्याचीच लाल.

"बसा, बसा. काय निवेदन आहे?"

आम्ही बसलो. सोफ्यावर, खुर्च्यांवर, मग जमिनीवर, मग जिन्यावर. ललिताला मी त्यांच्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसवलं.

"निवेदन नाही," मी म्हटलं.

"मग? घोषणा वगैरे? काही हरकत नाही, द्या."

कुणी काही बोललं नाही.

"वैजूताई, तुम्ही तर आपल्याच. यांना बोलायला सांगा ना काहीतरी."

"त्या निवल्यात, दादा. आपणच निववल्यात."

त्यांनी टेबलावरचं बटण दाबलं. छतातून हाकचा आवाज येतो, तो मी पहिल्यांदा ऐकला. खरंच छान होता. "तुमचा संताप मला समजतो," तो म्हणाला आणि थांबला. पुढचा श्वास कुठून धरायचा ते त्याला सापडेना, कारण खोलीत संतापच नव्हता. पुन्हा म्हणाला, "तुमचा..." आणि गप्प झाला. उतरवायला काही उरलं नसेल तर ते यंत्र निरुपयोगी असतं. हे मॅडमनी शिकवलं नव्हतं. बहुधा त्यांनाही माहीत नसावं. माणसाला निववून जागेवरून उठवायचं असेल तर आधी त्याला राग यावा लागतो. नुसत्या बसलेल्या माणसाचं काय करायचं?

ललितानं डोकं मागं टेकलं. तिचा श्वास ऐकू येत होता.

"यांना काय झालंय?" शार्दूलदादांनी विचारलं.

"तालुक्याचं डायलिसिस बंद आहे. तुमच्या सभागृहात मंजुरी अडकलीये."

त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. त्यांनी फोन उचलला. "थांबा. आत्ता दिल्लीला लावतो. हे अति झालं." ते खरंच चिडले होते. त्यांची रेघ पडद्यावर उभी चढली. कितीतरी दिवसांनी मी लाल रेघ वर चढताना बघत होते, आणि सांगायला संकोच वाटतो, पण ती बघून मला बरं वाटलं. "सर, हे चालणार नाही," ते फोनवर म्हणाले. "इथं माझ्यासमोर एक बाई मरतेय. आपण सभागृहात बसून काय..."

मग ते ऐकायला लागले.

त्यांचे खांदे उतरले. आम्ही सगळ्या पडद्याकडे बघत होतो. रेघ एक पायरी उतरली. मग आणखी एक. "हो सर... तसं नव्हे सर... बरोबर आहे, तुम्ही तरी..." ते खुर्चीत बसले. "बरं. ऐकून घेतलंत, तेवढं पुरे."

फोन ठेवून ते आमच्याकडे बघून हसले. "बघतो म्हणाले."

त्या क्षणी मला कळलं की सभागृहात आता कागदही का फाडले जात नाहीत. आमदार खासदाराला फोन करतो, खासदार नेत्याला, नेता त्याच्या वरच्याला, आणि प्रत्येकाच्या कानात तीच अंगाई. वर कुणी अडवून बसलेलं नव्हतं. वर सगळे निवांत होते.

सुगंधाकाकींनी मला विचारलं, "मग आता?"

मी शार्दूलदादांकडे वळले. "दादा, गाडी काढा."

"ड्रायव्हर नाहीये आज."

"तुम्हाला चालवता येते."

"येते," ते म्हणाले.

"टाकी भरलेली आहे."

"आहे."

"मग साताऱ्याला चला."

त्यांनी नकारासाठी काहीतरी शोधल्यासारखं केलं. सापडलं नाही. आत्ताच निवलेला माणूस, त्याच्याकडे नाही कुठून येणार? त्यांनी किल्ली घेतली. बायका जागच्या हलल्या नाहीत. "तुम्ही या जाऊन," सुगंधाकाकी म्हणाल्या, "आम्ही बसलोय." एकीनं दादांच्या खुर्चीत बसून घेवडा आहे का विचारलं, निवडायला.

साताऱ्याला ललिताला लगेच आत घेतलं. शार्दूलदादा बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी बसले. येणारे-जाणारे त्यांना ओळखत होते. नमस्कार करत होते, पुढं जात होते. कुणी काही विचारत नव्हतं. ते म्हणाले, "वैजूताई, आधी लोक शिव्या द्यायचे. मला वाटायचं, कधी थांबतील."

"आता?"

ते उठून चहा आणायला गेले आणि माझ्यासाठीही घेऊन आले.

ललिता बाहेर आली तेव्हा अंधार पडत होता. चेहरा थकलेला, पण सूज उतरून तिचा स्वतःचा झालेला. डोळे दिसत होते. मी तिला मागच्या सीटवर आडवी केली आणि डोकं मांडीवर घेतलं. गाडी शहराबाहेर पडली, खराब रस्ता लागला आणि एका खड्ड्यात जोरात आदळली. ललिता उठून बसली. पुढं बघत राहिली, शार्दूलदादांच्या मानेकडे.

"साहेब," ती म्हणाली, "शुक्रवारी पुन्हा न्यायचं असतं मला."

आरशात त्यांचे डोळे वर झाले. "हो ताई. बघतो."

ललितानं दोन्ही हातांनी पुढची सीट धरली. आवाज मोठा नव्हता. पण त्यात एक कड होती, आणि मी श्वास रोखून बसले.

"बघू नका," ती म्हणाली. "या."